शंकापेटी: चार पानांतला काळा विनोद

र्‍योको कुई यांच्या ३३ छोट्या मंगागोष्टींच्या (मंगा म्हणजे जपानी चित्रकथा) संग्रहाची ओळख आम्ही गेल्या अंकात करून दिली होती. मूळ जपानी पुस्तक २०१३चं, ईस्ट प्रेस या प्रकाशनाचं. नावाचा अर्थ साधारण ‘खणातलं टेरेरियम’: टेबलाचा खण ओढावा आणि आत काचेच्या बरणीत एक अख्खं जग नांदत असावं. जपान सरकारच्या सांस्कृतिक खात्याच्या माध्यमकला महोत्सवात त्याला मंगा विभागाचं उत्कृष्टता पारितोषिक मिळालं होतं. त्या लेखावर बरीच पत्रं आली. वाचायचं कसं, इथपासून छापायचं कसं, इथपर्यंत. त्यातली काही इथे घेतली आहेत.

पुस्तक वाचलं. निम्म्या गोष्टी आवडल्या. उरलेल्या सुरू होतायत तोवर संपल्या. दोन ठिकाणी तर पानं गळाली असावीत असं वाटलं. वाचायची काही वेगळी रीत असते का? (एक वाचक, नाशिक)

पानं गळालेली नसावीत. चित्र कडेपर्यंत गेलं की मंगात पानावरचा आकडा गायब होतो, त्यामुळे क्रम तुटल्यासारखा वाटतो. मागचापुढचा छापील आकडा धरून मोजून बघा.

आता रीत. उजवीकडून डावीकडे वाचायचं हे बहुतेकांना ठाऊक असतं आणि चौकटी तशा वाचल्याही जातात. घोळ होतो तो चौकटीच्या आत. एका चौकटीत संवादाचे दोन फुगे असले की आपला डोळा सवयीने डावा फुगा आधी उचलतो. उत्तर आधी वाचलं जातं आणि प्रश्न नंतर. दोनशे पानांच्या कथेत असं चार वेळा झालं तरी काही बिघडत नाही. चार पानांच्या गोष्टीत एकदा झालं तरी गोष्ट मेली. चौकटींची ओळ कुठे संपते हे कळत नसेल, तर मधल्या पांढर्‍या पट्ट्या बघा. आडवी पट्टी सहसा रुंद असते आणि उभी अरुंद. रुंद पट्टी लागली की ओळ संपली, खाली उतरायचं. उजवीकडे एक उंच चौकट आणि डावीकडे दोन बुटक्या असतील, तर आधी उंच आणि मग त्या दोन वरून खाली.

‘सुरू होतायत तोवर संपल्या’ याचं कारण मात्र बांधणीत आहे. जपानी चार चौकटींच्या चित्रमालिकेला ‘योनकोमा’ म्हणतात. तिची घडण ‘की-शो-तेन-केत्सु’ या चार पायर्‍यांची, आणि ती आली चिनी चार ओळींच्या कवितेतून. ‘की’ म्हणजे मांडणी. ‘शो’ म्हणजे तीच गोष्ट थोडी पुढे. ‘तेन’ म्हणजे वळण, तिथे भलतंच काहीतरी येतं. ‘केत्सु’ त्या भलत्याला आधीच्याशी जोडून देते. आपण चुटका ऐकतो तेव्हा शेवटच्या वाक्याची वाट बघतो. इथे धक्का शेवटच्या आधीच बसून गेलेला असतो आणि शेवटची चौकट नुसती शांतपणे उभी असते. ती शांतता वाचायची. शेवट कळला नाही असं वाटलं, तर त्याच्या आधीच्या चौकटीकडे परत जा. पुढचं पान उलटून काही मिळणार नाही.

या पुस्तकापुरती आणखी एक गोष्ट. गोष्टीगणिक रेषा बदलते. एक गोष्ट मुलींच्या मासिकातल्या मोठ्या चमकत्या डोळ्यांची, दुसरी जाड ब्रशची. हा हात दाखवण्याचा हट्ट नव्हे. लांब मालिकेत जग उभं करायला वीस पानं मिळतात. इथे पहिल्याच चौकटीत ‘ही प्रेमकथा’, ‘हे प्रवासवर्णन’ असं सांगून टाकायचं काम रेषा करते, म्हणजे ती अपेक्षा मोडायला पानं उरतात. शब्दांत हीच काटकसर शिनइची होशी (१९२६–१९९७) यांनी केली. हजारावर अतिलघुकथा लिहिणार्‍या या लेखकाची पात्रं कित्येकदा नुसती ‘एन-शी’, म्हणजे ‘श्री. एन’ असतात. नाव नाही, गाव नाही, त्या त्या काळाची खूण नाही. फोनची डायल फिरवण्याचा उल्लेख जुना वाटायला लागल्यावर त्यांनी तो बदलून नुसता ‘फोन केला’ असा करून घेतला होता.

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. डोरेमॉनचा भक्त. हे पुस्तक त्याला द्यावं का? मुखपृष्ठ तर गोंडस आहे. (एक पालक, ठाणे)

आधी तुम्ही वाचा. मंगात गोल चेहरा ही वयाची खूण नसते. डोरेमॉनचे जनक फुजिको एफ. फुजिओ यांनीच १९६९मध्ये प्रौढांच्या मासिकात एक लघुमंगा केली. एक अंतराळवीर अशा ग्रहावर उतरतो, जिथे बैलासारखे प्राणी राज्य करतात आणि माणसं ही त्यांची पाळीव जनावरं आहेत. त्याला आवडलेली मुलगी मेजवानीत वाढली जाणार आहे आणि तिला त्याचा केवढा अभिमान! चेहरे सगळे नोबितासारखेच गोल. पुस्तक कुठल्या वयासाठी आहे हे ठरवताना मूळ मासिक मुलांचं होतं की मोठ्यांचं, हे बघा. ‘शोनेन’ म्हणजे मुलगे, ‘सेइनेन’ म्हणजे प्रौढ तरुण. कुई यांच्या या संग्रहात रक्तामांसाचा मारा नाही. दहा वर्षांच्या मुलाला भीती वाटण्यापेक्षा कंटाळा येण्याची शक्यता जास्त.

नऊ पानांची गोष्ट काढली आहे. एक आजोबा नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जातात. बोटाचा ठसा मशीन घेत नाही. बरीच खटपट होते. शेवटी कळतं की ते दोन महिन्यांपूर्वीच वारलेत. कारकून किंचाळतो, आजोबा हवेत विरतात. मित्र ‘छान आहे’ म्हणतात, पण हसत कुणी नाही. आमच्या कॉलेजच्या दिवाळी अंकात चारच पानं मिळणार आहेत. काय कापू? (एक विद्यार्थी, सातारा)

किंकाळी कापा. तिथेच तुमचं हसू अडलंय.

भुताच्या गोष्टीत पात्र दचकतं. काळ्या विनोदात पात्रं दचकत नाहीत, दचकतो तो वाचक. वर सांगितलेल्या गोष्टीत अंतराळवीर सगळ्यांना ओरडून सांगतो की हे भयंकर आहे, आणि समोरचे अगदी सभ्यपणे त्याचं बोलणं समजून घ्यायचा प्रयत्न करतात. कळत कुणालाच नाही. शेवटी सुटका झाल्यावर तो रडत रडत स्टेक खातो. बैलाचाच. तुमच्या कारकुनालाही असंच वागू द्या. त्याच्या दृष्टीने मेलेला माणूस ही अडचण नाही, अपुरी कागदपत्रं ही अडचण आहे.

आमची वाटणी अशी:

पान १, सहा चौकटी. रांग, खिडकीवरची पाटी, आजोबांच्या हातातली कापडी पिशवी, त्यांचा नंबर. संवाद जवळजवळ नकोतच.

पान २, सहा चौकटी. अंगठा, मग तर्जनी, मग ओलं फडकं. कारकून म्हणतो, ‘बोटं गार पडलीत हो आजोबा. चोळा जरा.’

पान ३, पाच चौकटी. आता चेहरा टिपायचा. ‘डोळ्यांची उघडझाप करा.’ आजोबा टक लावून बघतायत. पुन्हा तेच. शेवटच्या छोट्या चौकटीत कारकून, ‘दुसरं काही कागदपत्र आहे का?’ आणि पिशवीत गेलेला हात.

पान ४, तीन चौकटी. वरच्या अर्ध्या पानात काउंटरवर ठेवलेला मृत्यूचा दाखला. मग कारकुनाचा सुटकेचा चेहरा: ‘मग हा आधी नाही का द्यायचा! खिडकी नंबर चार.’ शेवटची चौकट मुकी. चार नंबरच्या खिडकीपुढे याहून लांब रांग आणि तिच्या टोकाला आजोबा.

म्हणजे एकूण वीस चौकटी. गार बोटं आणि न मिटणारे डोळे हे दोन सुगावे आहेत. पहिल्या वाचनात ती थंडी आणि म्हातारपण वाटतं, दुसर्‍या वाचनात कळतं. तिसरा सुगावा घालायचा मोह होईल, घालू नका. तिसर्‍याला वाचक ओळखतो. आजोबांना अधांतरी तरंगवणंही नको. आणि आजोबांचं नाव, नातू, निवृत्तीपूर्वीची नोकरी हे सगळं गेलं, त्याची हळहळ नको. तुमच्या नऊ पानांतली तीन त्यातच गेली होती.

आता एक गोष्ट अंकाच्या संपादकांना आजच विचारा: पहिलं पान उजव्या बाजूला पडणार की डाव्या? मराठी अंकात उजवं पान संपलं की पान उलटतं. गोष्ट उजव्या पानावर सुरू झाली, तर २ आणि ३ समोरासमोर येतात आणि पिशवीतला हात व मृत्यूचा दाखला यांच्यामध्ये पान उलटण्याची क्रिया येते. तेवढा अर्धा सेकंद तुमचा. गोष्ट डाव्या पानावर सुरू झाली, तर ३ आणि ४ शेजारी पडतात. वाचक तिसरं पान वाचत असतानाच डोळ्याच्या कोपर्‍यातून त्याला तो दाखला दिसून जातो. मग कितीही चांगलं काढा. उजवी बाजू मिळतच नसेल, तर दाखला तिसर्‍या पानाच्या माथ्यावर घ्या आणि कारकुनाचा सुटकेचा आनंद दोन पानं चालवा: शिक्के, नोंदवही, झेरॉक्स. ती गोष्ट थोडी वेगळी होईल, पण चालेल.

जपानीत या उलटण्याला ‘मेकुरी’ म्हणतात. तिकडे पुस्तक उजव्या बाजूने बांधलेलं असल्यामुळे ते डाव्या पानानंतर उलटतं, म्हणून तिथला धक्का उजव्या पानाच्या वरच्या उजव्या कोपर्‍यात असतो. मराठी वाचकाला हे नवं नाही. ‘आवाज’ दिवाळी अंकातल्या खिडक्या याच तत्त्वावर चालायच्या: कापलेल्या चौकोनातून भलतंच काही दिसायचं, पान उलटलं की साळसूद चित्र. तिथे कात्री जे करायची ते इथे नुसत्या पानाच्या कडेने करायचं.

पक्कं काढण्याआधी ‘नेमु’ करा. हे कच्च्या आराखड्याला मंगावाल्यांचं नाव. दोन कोरे कागद एकात एक घालून दुमडले की आठ पानांची वही होते; पहिलं कोरं सोडून काडीमाणसांनी गोष्ट दुसर्‍या उजव्या पानापासून काढा. पुस्तकासारखी धरून कुणालातरी वाचायला द्या आणि बाजूला गप्प उभे राहा. तो कुठे थांबतो, कुठे मागे जातो ते टिपा. समजावून सांगायला तोंड उघडलंत तर चाचणी वाया गेली.

कागद कोणता, पेन कोणतं, माप काय? स्क्रीनटोन वापरून बघितला तर छपाईत चट्टेपट्टे आले. (एक वाचक, रत्नागिरी)

जपानात मासिकासाठी काढतात तो बी४ कागद, २५७ × ३६४ मिमी. त्यावर कापाची रेघ (छापल्यावर पान जिथे कापतात ती) २२० × ३१०ची आणि महत्त्वाचं सगळं राहील अशी आतली चौकट १८० × २७०ची. हे बी५ मासिकात जवळपास ८३ टक्क्यांवर येतं आणि पुढे बी६ पुस्तकात साधारण ५८ टक्क्यांवर. कागदावरची ०.३ मिमीची रेघ पुस्तकात ०.१७ उरते. मूळ चित्रं पाहिली की त्यांच्या रेघा जाड वाटतात त्या यामुळे.

तुमचा अंक ए५ असेल तर १.२ पटीने काढा: १७८ × २५२ मिमी. कडेपर्यंत जाणारं चित्र चारही बाजूंनी आणखी ४–५ मिमी बाहेर न्या. फुगे कापाच्या रेघेपासून १२ मिमी आत, शिवणीकडे १८, कारण जाडजूड दिवाळी अंक मधे पूर्ण उघडत नाही आणि शिवणीतलं अक्षर गिळलं जातं.

जपानी दुकानात कागद ११० किंवा १३५ किलोचा म्हणून मिळतो. हे हजार मोठ्या तावांचं वजन. आपल्या भाषेत अनुक्रमे सुमारे १२८ आणि १५७ जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम). इथे १८० जीएसएमचा गुळगुळीत कार्ड कागद चालतो. खरखरीत ड्रॉइंग पेपर नको, टोकाला तंतू अडकतात आणि रेघ फाटते. टाकाची टोकं तीन: जी-पेन जाडबारीक रेघेला, मारु-पेन केस व सावलीला, काबुरा एकसारख्या रेघेला. नव्या टोकावर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो. तो न पुसता बुडवलं तर शाई मण्यांसारखी गोळा होते आणि लोक शाईला दोष देतात. ओल्या टिश्यूने पुसा. काम झालं की धुऊन, कोरडं करून, तांदळाचे दाणे घातलेल्या डबीत ठेवा. कोकणातल्या पावसाळ्यात टोक उघडं राहिलं तर गंजायला फार दिवस लागत नाहीत.

चट्टेपट्टे आले ते टोन लावल्यानंतर चित्र लहान-मोठं केल्यामुळे. टोन म्हणजे ठिपक्यांची जाळी. छपाईच्या जाळीशी किंवा स्कॅनरच्या ठिपक्यांशी तिचं जुळलं नाही की नक्षी उमटते. उपाय सोपा आहे. रेषाचित्र ६०० डीपीआयवर स्कॅन करा, छपाईच्या अंतिम मापाला आणा आणि त्यानंतरच संगणकात टोन भरा. मग हात लावू नका. स्वस्त कागदावर शाई पसरते, तिथे ३० टक्क्यांचा टोन बराच गडद दिसतो. १० आणि २० एवढेच दोन वापरा, बाकी सपाट काळं. या प्रकारच्या गोष्टींना सपाट काळं शोभतंही.

जपानी शिकते आहे. सरावासाठी मंगाच्या फुग्यांत मराठी भरून बघते, पण फुगे उंच आणि अरुंद, मराठी त्यात मावत नाही. अक्षरं एकाखाली एक लिहावीत का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

नको. दुकानाच्या पाटीवर खपतं, फुग्यात शिरोरेषा तुटली आणि वेलांटी एकटी लोंबली की वाचणारा अडखळतो. फुगा उंच असतो कारण जपानी मजकूर उभा असतो. बी६ पानावरच्या मध्यम फुग्यात आडव्या ओळीला फार तर २० ते २२ मिमी मिळतात. ८ पॉइंटात त्यात सात-आठ अक्षरं बसतात. म्हणजे ओळीला दोन शब्द, कधी एक.

अक्षर त्याहून लहान करू नका. वाक्य बदला. मराठीत अडचण शब्दांच्या लांबीची असते, कारण शब्दयोगी अव्ययं चिकटतात. ‘दाखल्याशिवाय मिळणार नाही’ अरुंद फुग्यात बसत नाही, ‘दाखला नाही? मग नाही!’ बसतं, आणि कानालाही खरं लागतं. शब्द मध्येच तोडून जोडरेघ टाकण्याची पद्धत पुस्तकात ठीक, फुग्यात घात करते. ओळींमधलं अंतर ८ पॉइंटाला ११ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. मजकूर फुग्यात मध्यावर घ्या आणि मधल्या ओळी लांब, वरच्या-खालच्या आखूड ठेवा.

ध्वनिशब्दांत मात्र तुमची चंगळ आहे. मराठीत ‘धडधड’, ‘कुजबुज’, ‘टपटप’, ‘धप्पकन’ असा साठा आहे. अडाल ते ‘शिइन’ या शब्दापाशी. जपानीत ते शांततेचा आवाज म्हणून चौकटभर लिहितात. ‘सामसूम’ हा शब्द अर्थाने बरोबर, पण तो वर्णन करतो, ऐकू येत नाही. अशा वेळी जपानी अक्षर तसंच ठेवून कोपर्‍यात बारीक ‘(चिडीचूप)’ लिहिलेलं बरं. हे सगळं घरच्या सरावापुरतं. छापायचं किंवा कुठेही प्रसिद्ध करायचं, तर मूळ प्रकाशकाची लेखी परवानगी लागते.

मेल्यानंतरच्या गमती या पुस्तकांत फार येतात. नदी, म्हातारी, लाल तोंडाचा न्यायाधीश. ते कोण? (एक वाचक, मडगाव)

न्यायाधीश तुमच्या ओळखीचा आहे. एन्मा म्हणजे आपला यम, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानात गेलेला. तिथे तो चिनी अधिकार्‍याची टोपी घालून टेबलामागे बसतो, म्हणून कचेरीच्या विनोदाला इतका सोयीचा. नदी सान्झु, वैतरणीसारखी. पैलतीरी जायला सहा नाणी लागतात. म्हातारी दात्सुए-बा, ती मेलेल्यांचे कपडे काढून घेते. कपाळावर पांढरं त्रिकोणी फडकं आणि पाय नसलेली आकृती दिसली की भूत.

दोन खुणा मात्र सहज निसटतात. भाताच्या वाडग्यात उभ्या खोचलेल्या जेवायच्या काड्या: तसा भात मृतापुढे ठेवतात. आणि किमोनोची घडी. जिवंत माणूस डावा पदर उजव्यावर घेतो, प्रेताला उलट नेसवतात. जुन्या काही इंग्रजी आवृत्त्यांत पानं आपल्या दिशेने वाचता यावीत म्हणून चित्रं आरशासारखी उलटी छापत. त्यांत सगळी पात्रं डावखुरी तर होतातच, शिवाय अख्खं गाव मेल्यासारखं नेसलेलं दिसतं. काळ्या विनोदाच्या पुस्तकात ही चूक म्हणजे कहर. खरीच खूण कुठली ते कळेनासं होतं. जुनी प्रत घेताना आधी हे बघा.

छापखाना परवडत नाही. एका ए४ कागदाची आठ पानी पुस्तिका करतात म्हणे, ती कशी? (एक वाचक, कोल्हापूर)

कागद आडवा धरा. घड्या घालून आठ समान चौकोन पाडा, प्रत्येक ७४ × १०५ मिमी. खालच्या ओळीत डावीकडून ८, १, २, ३ ही पानं सरळ; वरच्या ओळीत डावीकडून ७, ६, ५, ४ ही डोकं खाली करून. कागदाच्या मधोमध असलेल्या आडव्या घडीवर फक्त मधले दोन चौकोन, म्हणजे १४८ मिमी, चीर द्या. कडेपर्यंत कापलंत तर दोन तुकडे हातात येतील. मग कागद लांबीत दुमडा आणि दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकला. चीर उघडून अधिकचिन्ह होतं, ते गुंडाळलं की पुस्तिका. स्टेपलर लागत नाही. घरचे प्रिंटर कडेपर्यंत छापत नाहीत, म्हणून चारही बाजूंनी ६ मिमी सोडा. काळं भरताना घडीवर जाड थर नको, टोनर घडीवर तडकून पांढरी रेघ पडते.

पान १ मुखपृष्ठ, ८ मलपृष्ठ. उलटणं ३ नंतर, ५ नंतर आणि ७ नंतर येतं. मुख्य धक्का सहाव्या पानावर घ्या. मलपृष्ठावर घ्यायची कल्पना सगळ्यांनाच सुचते, पण पुस्तिका हातात आली की माणूस आधी मागची बाजू बघतो.